लॉइड जॉर्जचा धाकटा मुलगा व्हायकाउंट झाला तो नावावर की कामावर?

गोदाकाठ (धागाकर्ता)

ग्विलिम लॉइड जॉर्ज (१८९४–१९६७). पहिल्या महायुद्धातला ब्रिटनचा पंतप्रधान डेव्हिड लॉइड जॉर्ज याचा धाकटा मुलगा. जन्म उत्तर वेल्समधल्या क्रिकिएथचा, घरातली भाषा वेल्श. महायुद्धात तोफखान्यात मेजर. १९२२ साली, वयाच्या २७ व्या वर्षी, पेम्ब्रोकशरमधून खासदार. १९४२ ते ४५ इंधन व ऊर्जा मंत्री, १९५१ ते ५४ अन्नमंत्री, १९५४ ते ५७ गृहमंत्री, आणि गृहखात्याला जोडूनच 'वेल्श अफेअर्स'चा मंत्री. जानेवारी १९५७ मध्ये मॅकमिलन पंतप्रधान झाला, त्याने गृहखातं बटलरला दिलं आणि ग्विलिमला 'व्हायकाउंट टेन्बी' (व्हायकाउंट हा सरदारकीचा एक दर्जा) करून हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये, म्हणजे संसदेच्या वरिष्ठ सभागृहात, बसवलं.

याच्याबद्दल कुठेही वाचा, सुरुवात 'बापाच्या पुण्याईवर' इथूनच होते. मला ते अर्धवट वाटतं. १९२२ ची उमेदवारी नावावर मिळाली यात वाद नाही. पण १९३९ नंतरची प्रत्येक बढती बापाच्या इच्छेविरुद्ध किंवा बापाच्या मदतीवाचून झालेली आहे.

१९३१ चं उदाहरण घ्या. अनेक पक्षांच्या 'राष्ट्रीय' सरकारात त्याला व्यापार खात्यात कनिष्ठ मंत्रिपद मिळालं होतं. बापाने निवडणुकीला विरोध केला म्हणून ऑक्टोबरमध्ये याने राजीनामा दिला. त्यानंतर चार वर्षं संसदेत चौघांचा गट: बाप, मुलगा, मुलगी मेगन आणि ग्विलिमच्या बायकोच्या बहिणीचा नवरा गोरोन्वी ओवेन. तेव्हा खरंच घरचाच कारभार होता. पण सप्टेंबर १९३९ मध्ये लिबरल पक्षाने चेंबरलेनच्या सरकारात जायला नकार दिला, तरी ग्विलिम गेला. मे १९४० मध्ये नॉर्वेतल्या युद्धमोहिमेवरच्या संसदेतल्या चर्चेत थोरल्या लॉइड जॉर्जने चेंबरलेनला पायउतार व्हायला सांगितलं, तेव्हा मुलगा त्याच चेंबरलेनचा उपमंत्री होता. याला बापाचं बोट धरून चालणं म्हणत नाहीत.

माझं म्हणणं एवढंच, की आमदनी घराण्याची होती पण व्हायकाउंटपद खात्यांमधल्या कामाचं होतं. असहमत असाल तर पुराव्यानिशी लिहा. आणि आपल्याकडच्या घराण्यांशी तुलना कृपया नको, धागा दहाव्या प्रतिसादाला भरकटतो.

---

लालदिवा

असहमत, आणि तेही पूर्ण.

९ ऑक्टोबर १९०९ ला न्यूकॅसलमध्ये बापाने भाषण केलं. अंदाजपत्रक अडवणाऱ्या लॉर्ड्सना उद्देशून त्याचा सवाल असा होता, की बेरोजगारांतून अपघाताने निवडली गेलेली पाचशे साधी माणसं कोट्यवधी कष्टकऱ्यांचा निर्णय रद्द करणार का? त्यातूनच पुढे १९११ चा पार्लमेंट ॲक्ट आला आणि लॉर्ड्सचा कायमचा नकाराधिकार गेला. आता मुलगा १९५१ पासून कुठला खासदार होता? न्यूकॅसल नॉर्थचा. आणि तिथूनच उठून तो थेट त्या पाचशे माणसांत जाऊन बसला. वंशपरंपरागत पद घेऊन.

न्यूकॅसल मिळालं कसं, तेही पाहा. १९४५ ला पेम्ब्रोकशरमध्ये काँझर्व्हेटिव्ह पक्षाने त्याच्याविरुद्ध उमेदवार दिला नाही, तरी लेबरविरुद्ध तो फक्त १६८ मतांनी तरला. १९५० ला तेवढंही जमलं नाही, लेबरच्या डेसमंड डॉनेलीकडून १२९ मतांनी पडला. एखादा सामान्य माजी मंत्री इथे घरी बसला असता. याला काँझर्व्हेटिव्हांचा सुरक्षित मतदारसंघ मिळाला, वेल्सपासून शेकडो मैल लांब. कारण? चर्चिलला 'लिबरल' हा शब्द आणि 'लॉइड जॉर्ज' हे नाव, दोन्ही आपल्या बाकावर हवे होते. लिबरल मतं ओढायला याहून चांगली पाटी कुठली?

मधल्या काळातली एक नोंद तुम्ही गाळलीत. १९२४ ला तो पेम्ब्रोकशरमध्ये हरला आणि १९२५ ला 'युनायटेड न्यूजपेपर्स'चा व्यवस्थापकीय संचालक झाला. या कंपनीकडे 'डेली क्रॉनिकल' होतं, जे बापाच्या माणसांनी १९१८ मध्ये विकत घेतलं होतं. तिथल्या पैशांचा संबंध 'लॉइड जॉर्ज फंडा'शी होता, आणि तो फंड भरला होता किताबांच्या विक्रीतून. नाइटहूडला दहा हजार पौंड आणि बॅरोनेटला तीस-चाळीस हजार, असे दर तेव्हा चर्चेत होते. या प्रकारामुळेच १९२५ मध्ये किताबविक्रीविरुद्ध कायदा करावा लागला. आमदनी घराण्याची म्हणालात ना? ती ही.

---

नीरक्षीर

दोघेही व्हायकाउंटपदाला जरा जास्त वजन देताय. त्या काळची रीत सांगतो.

माजी गृहमंत्र्याला लॉर्ड्समध्ये पाठवायचं तर व्हायकाउंट हा जवळजवळ ठरलेला दर्जा होता. सॅम्युअल १९३७, सायमन १९४०, होर (टेम्पलवुड) १९४४, अँडरसन (वेव्हर्ली) १९५२, मॅक्सवेल फाइफ (किलमूर) १९५४. सगळे गृहमंत्री राहिलेले, सगळे व्हायकाउंट. यांतल्या एकाचाही बाप पंतप्रधान नव्हता. मग १९५७ ला ग्विलिमला व्हायकाउंट केलं यात आडनावाचा वाटा शोधायचा कशाला? ज्याला हटवायचं त्याला सन्मानाने हटवण्याची ती पद्धत होती.

त्या काळी प्रक्रियाही अशीच यांत्रिक होती. पंतप्रधान राजा किंवा राणीला शिफारस करतो. पदाचं नाव कुठल्या गावावरून घ्यायचं हे गार्टर किंग ऑफ आर्म्स या अधिकाऱ्याशी बोलून ठरतं. ग्विलिमने आपल्या जुन्या मतदारसंघातलं टेन्बी घेतलं, न्यूकॅसल नाही. मग राजमुद्रेचं सनदपत्र निघतं आणि त्यात वारसाची अट लिहिलेली असते: 'पोटच्या पुरुष वारसांना'. सनद निघाली की कॉमन्समधली (कनिष्ठ सभागृहातली) जागा त्याच क्षणी रिकामी होते, म्हणून मार्च १९५७ ला न्यूकॅसल नॉर्थची पोटनिवडणूक झाली. त्यानंतर नवा पीअर (लॉर्ड्समध्ये बसणारा सरदार) स्वतःच्या दर्जाचे दोन जुने पीअर सोबत घेऊन सभागृहात जातो, सनद वाचली जाते, शपथ होते.

तहहयात पीअर करायचा कायदा १९५८ चा. म्हणजे १९५७ ला मॅकमिलनच्या हातात वंशपरंपरागत सोडून दुसरा पर्याय जवळपास नव्हताच. लालदिवा यांचा 'वंशपरंपरागत पद घेऊन' हा टोमणा इथे लागू होत नाही. लॉर्ड्समध्ये जायचं तर तोच एक दरवाजा होता.

---

लालदिवा

दरवाजा एकच होता हे मान्य, पण आत जायची सक्ती कुणी केली होती? चर्चिलनेही पीअर व्हायचं टाळलं, कॉमन्समध्येच राहिला.

आणि बापाचंच काय? तो १९४५ च्या सुरुवातीला अर्ल (व्हायकाउंटच्या वरचा दर्जा) झाला, मार्चमध्ये वारला, लॉर्ड्समध्ये बसलाही नाही. ती अर्लगिरी थोरल्या रिचर्डकडे गेली, म्हणून धाकटा कॉमन्समध्ये राहू शकला. रिचर्ड नसता तर ग्विलिमची कारकीर्द २६ मार्च १९४५ लाच संपली असती, कारण वारशाचं पद नाकारायची सोय १९६३ च्या कायद्याने आली. जन्माच्या क्रमावर माणसाचं राजकारण ठरतं, आणि तुम्ही म्हणताय घराण्याचा संबंध नाही!

---

कोकणकडा

सनदा बाजूला ठेवा, कामावर बोलू. गोदाकाठ यांच्या यादीतलं सगळ्यात अवघड खातं कोळशाचं होतं.

जून १९४२ मध्ये इंधन खातं नव्याने काढलं आणि ग्विलिमला त्याचा पहिला मंत्री केलं. हातात काय आलं? १९३९ ला देशाचं कोळशाचं उत्पादन सुमारे २३ कोटी १० लाख टन होतं, ते घसरतच होतं. १९४५ ला १८ कोटी ३० लाखांवर आलं. तरुण खाणकामगार सैन्यात आणि शस्त्रांच्या कारखान्यांत गेले, मागे राहिलेल्यांचं वय वाढलं, यंत्रं जुनी. घरगुती कोळशाचं कूपन-रेशनिंग करायची बेव्हरिजची योजना तयार होती, ती काँझर्व्हेटिव्ह खासदारांनी आधीच हाणून पाडलेली.

मग आलं 'दुहेरी नियंत्रण'. खाणीची मालकी आणि नफा-तोटा मालकाकडे, कोळसा कसा आणि किती काढायचा याचे आदेश सरकारच्या प्रादेशिक नियंत्रकाकडे. यात दोष कुठे, तर खाणीच्या व्यवस्थापकापाशी. त्याचा पगार मालक देणार, हुकूम सरकार देणार, आणि युद्ध संपल्यावर तो पुन्हा मालकाच्याच ताब्यात जाणार. त्याने आज सरकारसाठी चांगला थर ओरबाडायचा, की मालकासाठी उद्याला राखून ठेवायचा? बहुतेकांनी काय केलं असेल ते सांगायला नको.

त्यावर जानेवारी १९४४ चा, खाणकामगारांच्या वेतनावरचा पोर्टर निवाडा. खाणीत उतरणाऱ्या प्रौढाला आठवड्याला किमान ५ पौंड, वर काम करणाऱ्याला ४ पौंड १० शिलिंग. ऐकायला चांगलं. पण तळाचा पगार वर आल्यामुळे अकुशल आणि कुशल यांच्यातलं अंतर आवळलं गेलं, आणि सवलतीच्या कोळशासारखे जुने स्थानिक हक्क या किमान वेतनात धरायचे की वेगळे, यावरून खटके उडाले. मार्च १९४४ मध्ये एकट्या वेल्समध्ये एक लाखाच्या आसपास कामगार संपावर. पाठोपाठ यॉर्कशर. नॉर्मंडीच्या चढाईला तीन महिने उरलेले. एप्रिलमध्ये चार वर्षांचा वेतन करार झाला तेव्हा कुठे गाडी रुळावर आली.

तर माझा प्रश्न गोदाकाठ यांना: याला यश म्हणायचं?

---

गोदाकाठ

यश म्हणालो नाही, काम म्हणालो. उत्पादन घसरायची कारणं तुम्हीच दिलीत: माणसं गेली, वय वाढलं, यंत्रं जुनी. यातलं एकही मंत्र्याच्या हातातलं नव्हतं. माणसं परत आणायचा अधिकार श्रममंत्री बेव्हिनचा. त्याने डिसेंबर १९४३ पासून सक्तीच्या भरतीतल्या तरुणांच्या नोंदणी क्रमांकाचा शेवटचा आकडा चिठ्ठीने काढून त्यांना सैन्याऐवजी खाणीत धाडलं. हेच ते 'बेव्हिन बॉइज', सगळे मिळून ४८ हजारांच्या घरात. पण नवशिक्या पोराला कोळसा फोडायच्या जागी नेता येत नाही, तो वाहतुकीवर नाहीतर देखभालीवर. म्हणजे टनांत त्याचा परिणाम कमीच दिसणार.

मुद्दा असा, की एप्रिल १९४४ चा करार टिकला आणि चढाईच्या काळात कोळसा कमी पडला नाही. मालकधार्जिणे काँझर्व्हेटिव्ह एका बाजूला, राष्ट्रीयीकरण मागणारे लेबर दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये हा कुठल्याच मोठ्या पक्षाचा नसलेला मंत्री. तीन वर्षं तो टिकला ते दोघांनाही चालत होता म्हणून. हे नावावर होत नाही.

---

सहज

युद्धकाळापासूनचं रेशनिंग संपवल्याचं श्रेयही याला देतात. द्यावं का?

---

कोकणकडा

@सहज, थोडं द्यावं. पण क्रम समजून घ्या.

चहा ऑक्टोबर १९५२, गोळ्या-चॉकलेट फेब्रुवारी १९५३, अंडी मार्च १९५३, साखर सप्टेंबर १९५३, लोणी-चीज-चरबी मे १९५४ आणि शेवटी मांस ४ जुलै १९५४. चौदा वर्षांचं रेशनिंग त्या दिवशी संपलं, आणि अन्नमंत्री ग्विलिम.

घाई केली तर काय होतं याचा धडा लेबर सरकारने देऊन ठेवला होता. एप्रिल १९४९ मध्ये गोळ्या-चॉकलेट मोकळं केलं, मागणी इतकी उसळली की दुकानं रिकामी झाली आणि ऑगस्टमध्ये पुन्हा कूपन लावावं लागलं. एकदा मोकळं करून परत बांधणं हे राजकीयदृष्ट्या रेशनिंगपेक्षाही वाईट. त्यामुळे दुसऱ्या वेळी कुठलीही वस्तू सोडायच्या आधी साठा आणि परकीय चलन दोन्ही पाहिलं गेलं, आणि एकही वस्तू पुन्हा कूपनवर गेली नाही.

पण बाकीचं श्रेय बटलरचं आणि जागतिक बाजाराचं. १९५२ च्या अंदाजपत्रकात अर्थमंत्री बटलरने अन्न-अनुदान ४१ कोटी पौंडांवरून २५ कोटींवर आणलं. भाव चढला की मागणी आपोआप आटोक्यात येते, मग कूपनाची गरज उरत नाही. कोरियाच्या युद्धात चढलेले कच्च्या मालाचे भावही उतरले. शिवाय सप्टेंबर १९५३ पर्यंत हा मंत्रिमंडळात नव्हताच. अन्न आणि शेती या दोन्ही खात्यांवर लॉर्ड वूल्टन देखरेखीला होता.

---

अर्धविराम

कोळसा आणि चॉकलेट झालं असेल तर ज्या एका निर्णयासाठी हा माणूस लक्षात आहे तिकडे वळू या. १३ जुलै १९५५, लंडनचा होलोवे तुरुंग, रूथ एलिस. ब्रिटनमध्ये फाशी झालेली शेवटची स्त्री. दया नाकारली ती ग्विलिम लॉइड जॉर्जने.

हा निर्णय कसा होत असे हे नीट कळल्याशिवाय त्याचा न्याय करता येत नाही. खुनाला तेव्हा एकच शिक्षा होती, न्यायाधीशाला दुसरी देताच येत नसे. म्हणजे शिक्षा ठरवताना परिस्थिती, मारहाण, मनःस्थिती यांचा विचार करायची कोर्टात जागाच नाही. तो सगळा विचार एका टेबलावर ढकललेला, गृहमंत्र्याच्या. शिक्षा आणि अंमलबजावणी यांच्यामध्ये तीन पूर्ण रविवार जाऊ द्यायचे. निकाल २१ जूनला, अपील केलं नाही, मग २६ जून, ३ जुलै, १० जुलै हे तीन रविवार, आणि बुधवार १३ ला फाशी. या तीन आठवड्यांत फाइल तयार होई: न्यायाधीशाच्या नोंदी, पोलिसांचा अहवाल, तुरुंगाच्या डॉक्टरचं मत, ज्युरीने दयेची शिफारस केली होती का. खात्याचा सचिव टिपण जोडून वर पाठवी. मंत्रिमंडळात हा विषय जात नसे. संसदेतही फाशी व्हायच्या आधी त्यावर प्रश्न घेत नसत. एकटा माणूस आणि एक फाइल.

एलिसच्या बाबतीत फाइलमध्ये काय होतं? हॅम्पस्टेडच्या मॅगडाला पबबाहेर प्रियकरावर झाडलेल्या गोळ्या, आणि कोर्टात तिने स्वतःच दिलेलं उत्तर, की हेतू मारण्याचाच होता. ज्युरीची शिफारस नाही. शिवाय एक गोळी रस्त्यावरून जाणाऱ्या बाईच्या हाताला लागलेली. हे शेवटचं विरुद्ध गेलं. दुसऱ्या बाजूला: त्याच्याकडून होणारी मारहाण, काही महिन्यांपूर्वीचा गर्भपात, पन्नास हजार सह्यांचा अर्ज. आणि फाशीच्या आदल्या दिवशी तिने वकिलाला सांगितलं की पिस्तूल दुसऱ्या एका पुरुषाने दिलं होतं. ते गृहखात्यात पोचलं, पोलिसांना त्या माणसाला शोधायला पाठवलं, तो सापडला नाही. फाशी एक दिवस पुढे ढकलायला एक फोन पुरला असता. तो केला नाही.

बाप असता तर केला असता असं मी म्हणत नाही. पण 'खात्यातल्या कामाचं पद' असं म्हणायचं असेल तर हेही काम त्याच खात्यातलं आहे.

---

नीरक्षीर

प्रक्रिया बरोबर मांडलीत, निष्कर्ष नाही.

डिसेंबर १९५४ मध्ये, म्हणजे सात महिने आधी, याच गृहमंत्र्याने याच होलोवेमध्ये स्टिलू क्रिस्टोफी या सायप्रसच्या प्रौढ बाईची फाशी होऊ दिली होती. तिने सुनेचा खून केला होता, तोही हॅम्पस्टेडमध्ये, मॅगडाला पब ज्या रस्त्यावर आहे त्याच रस्त्यावरच्या घरात. तिच्यासाठी कुणी अर्ज काढले नाहीत, वर्तमानपत्रांनी लेख लिहिले नाहीत. ती तरुण नव्हती, देखणी नव्हती, इंग्रजीही धड बोलत नव्हती. तिला फाशी देऊन एलिसला सोडलं असतं तर तुम्ही काय म्हणाला असता? गृहमंत्र्याची पंचाईत हीच. मागच्या फाइलमध्ये जे केलं त्याने पुढच्या फाइलला हात बांधले जातात.

आणि १९५७ च्या होमिसाइड ॲक्टचा उल्लेख राहिला. फेब्रुवारी १९५६ मध्ये कॉमन्सने २९३ विरुद्ध २६२ मतांनी फाशी रद्द करण्याच्या बाजूने कौल दिला, जुलैमध्ये लॉर्ड्सने ते विधेयक २३८ विरुद्ध ९५ ने फेटाळलं. त्यावर तोडगा म्हणून सरकारने मधलं विधेयक आणलं. नोव्हेंबर १९५६ ला ते कॉमन्समध्ये मांडणारा मंत्री ग्विलिमच. त्यातच 'मानसिक जबाबदारी कमी असणे' हा बचाव इंग्लंडच्या कायद्यात पहिल्यांदा आला. एलिससारख्या आरोपीला उपयोगी पडेल असा बचाव आणणारा माणूस तोच आहे.

---

अर्धविराम

तोच कायदा पुढे वाचा. कलम ५ मध्ये फाशी कुठल्या खुनांना राहिली? चोरी करताना केलेला, पोलिसाचा, तुरुंगाधिकाऱ्याचा, आणि *बंदुकीने किंवा स्फोटकाने केलेला*. म्हणजे एलिसने विष घातलं असतं तर १९५७ नंतर फाशी नाही, गोळी झाडली म्हणून फाशी कायम. विचार करून, थंड डोक्याने विष घालणारा सुटणार आणि संतापात पिस्तूल चालवणारी लटकणार. न्यायाधीशांनाच ही विभागणी लवकर नकोशी झाली, १९६५ मध्ये ती मोडीत काढावी लागली. हा मधला मार्ग ग्विलिमच्या एकूण राजकारणासारखाच आहे. दोन बाजूंच्या मध्ये उभं राहायचं आणि त्यालाच तत्त्व म्हणायचं.

क्रिस्टोफीचा मुद्दा मात्र वजनदार आहे. तो मान्य.

---

सातवी_ओवी

वेल्सबद्दल कुणीच बोललं नाही. तो 'वेल्श पीअर' ना? मग वेल्ससाठी काय केलं?

२० डिसेंबर १९५५: कार्डिफ ही वेल्सची राजधानी असल्याचं त्याने कॉमन्समध्ये लेखी उत्तरात जाहीर केलं. कायदा नाही, समारंभ नाही. वेगळ्या औपचारिक कारवाईची गरजच नाही, अशी सरकारची भूमिका. गंमत म्हणजे शर्यतीत कार्नार्वनही होतं. ते १८९० पासून पंचावन्न वर्षं बापाच्या मतदारसंघात होतं, आणि तिथल्या किल्ल्याचा कॉन्स्टेबल (किल्लेदार) बापच होता. घराणेशाही म्हणता, तर घरचं गाव सोडून कार्डिफला का दिलं? कारण लोकसंख्या, बंदर, राष्ट्रीय संग्रहालय, सगळं तिथे होतं. हा निर्णय कुणीही समंजस मंत्र्याने घेतला असता.

खरी गोष्ट बहिणीची आहे. मेगन 'वेल्ससाठी संसद' या मोहिमेची अध्यक्ष. भाऊ त्याच वेळी वेल्सचा मंत्री. मार्च १९५५ मध्ये वेल्श संसदेचं खासगी विधेयक ४८ विरुद्ध १४ मतांनी पडलं, सरकार विरोधात. एप्रिल १९५६ मध्ये सुमारे २ लाख ४० हजार सह्यांचा अर्ज कॉमन्ससमोर आला, वेल्सच्या दर अकरा माणसांमागे एक सही. काहीच झालं नाही. बहीण सह्या गोळा करते आणि भाऊ त्या फायलीत घालतो.

मग १९५७ पाहा. भाऊ काँझर्व्हेटिव्ह पंतप्रधानाकडून व्हायकाउंट होतो, आणि २८ फेब्रुवारीला बहीण लेबरच्या तिकिटावर कार्मार्थनची पोटनिवडणूक जिंकते. लिबरल बापाची दोन मुलं, एक उजवीकडे, एक डावीकडे, आणि मधला पक्ष रिकामा. माझ्या मते दोघांपैकी राजकारणी तीच होती. तिला मंत्रिपद कधीच मिळालं नाही, यात बाईपणाचा वाटा किती आणि नाव भावाने आधीच वापरून टाकल्याचा किती, ते ठरवा.

---

गोदाकाठ

@सातवी_ओवी, बहिणीबद्दल सहमत. पण वेल्श संसद नाकारली ती आधी चर्चिलच्या आणि मग त्याच्यानंतरचा पंतप्रधान ईडन याच्या सरकारने, ग्विलिम त्या सरकारांचा प्रवक्ता. आणि गृहखात्याचं ओझं असताना वेल्सचा कारभार जोडधंद्यासारखा होणार हे १९५१ ला चर्चिलने ते पद गृहमंत्र्याच्या गळ्यात बांधलं तेव्हाच ठरलेलं. १९५७ ला ते गृहनिर्माण खात्याकडे गेलं, स्वतंत्र वेल्स-मंत्री मिळायला १९६४ उजाडलं. दोष रचनेचा आहे.

---

लालदिवा

रचना, परिस्थिती, जागतिक बाजार, बटलर, बेव्हिन, ईडन. गोदाकाठ, तुमच्या युक्तिवादात अपयश नेहमी दुसऱ्याचं असतं, मग यश तरी याचं कसं धरायचं?

एक निर्णय देतो जो निखळ त्याचा होता. १९५६ मध्ये लंडनमधल्या एका टोळीप्रमुखाचा फोन गृहमंत्र्याच्या वॉरंटने टॅप होत होता. त्यात एका बॅरिस्टरची संभाषणं सापडली. बार कौन्सिलला (बॅरिस्टरांच्या संघटनेला) त्या बॅरिस्टरची चौकशी करायची होती, त्यांनी नोंदी मागितल्या, आणि ग्विलिमने दाखवायला परवानगी दिली. गुन्हा शोधण्यासाठी घेतलेला अधिकार एका व्यावसायिक संघटनेच्या शिस्तभंगाच्या चौकशीसाठी वापरला! जून १९५७ मध्ये हे बाहेर आलं तेव्हा साहेब लॉर्ड्समध्ये, आणि कॉमन्समध्ये उत्तरं देतोय बटलर. फोन टॅपिंगच्या चौकशीसाठी नेमलेल्या बर्केट समितीने त्याच वर्षी अहवालात हा निर्णय चुकीचा ठरवला. कुणाचाही दबाव नाही, कायद्याची सक्ती नाही. फक्त एवढं विचारायचं होतं, की हा अधिकार मला कशासाठी दिलाय?

---

नीरक्षीर

बर्केट अहवालाचा संदर्भ चोख आहे, त्यावर बचाव नाही. पण त्याच अहवालात टॅपिंगचा अधिकार जुना आणि चालू प्रथेवर आधारलेला असल्याचंही म्हटलंय. कायद्यात लेखी चौकट आली ती थेट १९८५ मध्ये. तोवरच्या प्रत्येक गृहमंत्र्याने अंदाजानेच काम केलं.

वारशाबद्दल एक पुरवणी. ग्विलिम फेब्रुवारी १९६७ मध्ये गेला. पद थोरल्या मुलाकडे, तो १९८३ ला वारला तेव्हा धाकट्या विल्यमकडे. १९९९ ला ब्लेअर सरकारने वंशपरंपरागत पीअर काढले, फक्त ९२ ठेवले. त्यातले दोन पदसिद्ध, बाकी ९० पीअरांनीच एकमेकांतून मतदानाने निवडले. विल्यम निवडून आला, कुठल्याच पक्षाचा नाही, क्रॉसबेंचर म्हणून, आणि २०१५ ला निवृत्त होईपर्यंत बसला. म्हणजे १९०९ ला लॉर्ड्सवर तुटून पडलेल्या माणसाचा नातू एकविसाव्या शतकात लॉर्ड्समधल्या निवडणुकीवर तिथे टिकला.

---

लालदिवा

'निवडणूक' म्हणे. मतदार कोण? तेच पीअर. उमेदवार कोण? तेच पीअर. आजोबांनी ऐकलं असतं तर न्यूकॅसलला दुसरं भाषण झालं असतं.

---

कोकणकडा

एक आकडा राहिला. १९४५ चे १६८ आणि १९५० चे १२९ यांवर लालदिवा 'नाव चाललं नाही' म्हणतात आणि न्यूकॅसलवर 'नावच चाललं' म्हणतात. दोन्हींतलं एक ठेवा. १९४५ ला लेबरची देशभर लाट होती, वेल्समध्ये तर जास्तच. तिच्यात पेम्ब्रोकशर राखणं हे त्या माणसाच्या १९२२ पासूनच्या तिथल्या कामाचं आहे. नावच पुरेसं असतं तर १९२४ ला, बाप अजून जोरात असताना, तो तिथे हरला नसता.

---

लालदिवा

नाव मतदारांत चाललं नाही, चर्चिलच्या खोलीत चाललं. यात विसंगती कुठे आहे?